‘द यलो वॉलपेपर’ आणि बाळंतिणीचे मन : एक चिकित्सक वाचन

गोषवारा

चार्लट पर्किन्स गिल्मन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही १८९२ साली प्रसिद्ध झालेली कथा स्त्रीवादी समीक्षेने प्रामुख्याने लेखिकेच्या कोंडीचे रूपक म्हणून वाचली आहे. प्रस्तुत लेखात ती प्रथमतः प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराची कथा म्हणून वाचली आहे. कथेतील उपचारपद्धती, मराठी समाजातील बाळंतिणीच्या खोलीची रीत, गोव्यातील मातांविषयीचे संशोधन आणि आजची माता-आरोग्यव्यवस्था यांचा एकत्र विचार येथे केला आहे. बाळंतिणीच्या शरीराची निगा राखणारी व्यवस्था तिच्या मनाविषयी तिलाच विचारत नाही, तोवर ती निगा अपुरी राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रसूतीपश्चात नैराश्य, बाळंतीण, विश्रांती-उपचार, स्त्रीवादी समीक्षा, माता-आरोग्य.

१. प्रास्ताविक

मराठी कुटुंबात स्त्रीच्या आयुष्यातील ज्या काळाभोवती सर्वाधिक काळजी गुंफलेली दिसते, तो काळ गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा होय. डोहाळजेवण, ओटीभरण, पहिलेपणासाठी माहेरी आणणे, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतकाढा, शेकशेगडी, तेल-मालिश, पाचवीची पूजा, बारसे आणि बाळंतविडा ही सारी मालिका पाहता या अवस्थेतील स्त्रीकडे समाजाचे दुर्लक्ष झाले, असे वरवर कोणीही म्हणणार नाही. तथापि या काळजीचा केंद्रबिंदू कोणता, हा प्रश्न विचारला की उत्तर तितकेसे सरळ राहत नाही. लाडू दुधासाठी असतात, शेक कमरेसाठी असतो, धुरी बाळासाठी असते आणि पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते. बाळंतिणीचे मन या यादीत नेमके कोठे येते, याचा शोध घेणे आवश्यक वाटते.

हा शोध प्रस्तुत लेखिकेने एका परकीय कथेच्या वाटेने घेतला आहे. त्याचे कारण वर्गातील एका प्रसंगात आहे. तौलनिक साहित्याभ्यास हा विषय पदव्युत्तर वर्गास शिकविताना ‘द यलो वॉलपेपर’ या कथेवर चर्चा चालू होती. नायिकेचे बंड, पुरुषसत्ता, लेखनावरील बंदी, प्रतीकांची योजना असे नेहमीचे मुद्दे निघाले. बाळंतपणामुळे एक सत्र सोडून परत आलेली एक विद्यार्थिनी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होती. तास संपता संपता तिने विचारले, “मॅडम, पण या सगळ्यात तिचं बाळ कुठं असतं?” कथेत बाळ आहे, त्याला सांभाळणारी बाईही आहे. तरीही एवढ्या चर्चेत आम्ही कोणीही त्याचे नाव काढले नव्हते. आमच्या वाचनातून बाळ निसटले होते, आणि त्याबरोबर आईचा आजारही निसटला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२. कथा आणि तिच्यामागील अनुभव

कथेचा आशय थोडक्यात असा. नुकतीच आई झालेली एक स्त्री आपल्या डॉक्टर पतीबरोबर उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या जुन्या प्रशस्त घरात राहावयास येते. तिचे नाव कथेत नाही. तिचा पती जॉन आणि तिचा भाऊ हे दोघेही डॉक्टर आहेत. तिला विशेष काही झालेले नाही, केवळ थोडी मनाची दुर्बलता आहे, यावर दोघांचे एकमत आहे. तिने शक्तिवर्धक औषधे घ्यावीत, मोकळी हवा खावी, भरपूर खावे, विश्रांती घ्यावी आणि बरे वाटेपर्यंत कोणतेही काम करू नये, असे ठरते. लेखन हे तिचे काम, म्हणून तेही बंद. तिची खोली घराच्या वरच्या मजल्यावर आहे. ती पूर्वी मुलांची खोली असावी, असे तिला वाटते. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला जखडलेला आहे आणि भिंतींवर उबग आणणारा पिवळा कागद आहे. करण्यासारखे काही नसल्यामुळे ती त्या कागदावरील नक्षीकडे पाहत राहते. हळूहळू तिला नक्षीच्या आड अडकलेली एक स्त्री दिसू लागते. अखेरीस कागद ओरबाडून काढून ती स्वतःच खोलीत भिंतीच्या कडेने रांगू लागते. पती दार उघडतो, ते दृश्य पाहून बेशुद्ध पडतो आणि ती त्याला ओलांडून रांगतच राहते.

ही कथा निव्वळ कल्पनेतून जन्मलेली नाही. गिल्मन यांना १८८५ साली कन्या झाली. त्यानंतर त्यांना तीव्र खिन्नतेने घेरले. १८८७ साली त्या फिलाडेल्फिया येथील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ सिलास वेअर मिशेल यांच्याकडे उपचारासाठी गेल्या. मिशेल यांची ‘विश्रांती-उपचार’ ही पद्धती त्या काळी प्रसिद्ध होती. रुग्ण स्त्रीला अनेक आठवडे अंथरुणावर ठेवणे, कुटुंबीयांपासून दूर ठेवणे, दूध आणि स्निग्ध आहार भरपूर देणे, मालिश आणि विजेचे सौम्य झटके देणे हे तिचे घटक होते. गिल्मन यांना घरी पाठविताना शक्य तितके घरगुती जीवन जगावे, बौद्धिक कामास दिवसाचे दोनच तास द्यावेत आणि लेखणी, कुंचला वा पेन्सिल यांना आयुष्यात पुन्हा हात लावू नये, असा सल्ला देण्यात आला. हा सल्ला सुमारे तीन महिने पाळल्यानंतर आपण वेडाच्या अगदी सीमेवर पोहोचलो होतो, असे त्यांनी १९१३ साली या कथेच्या निर्मितीविषयी लिहिलेल्या टिपणात नमूद केले आहे. कथेतही मिशेल यांचा नावानिशी उल्लेख येतो. सुधारणा न झाल्यास शरद ऋतूत तुला त्यांच्याकडे पाठवीन, असे पती नायिकेला बजावतो.

येथे एक योगायोग मराठी वाचकाने ध्यानात घ्यावा असा आहे. गिल्मन ज्या शहरात उपचारासाठी गेल्या, त्याच फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावल्याचा घाव त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे होता, हे सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत गिल्मन मिशेल यांच्याकडे दाखल झाल्या. या दोघींची भेट झालेली नाही. परंतु एकाच शहरात, एकाच दशकात, एका स्त्रीने प्रसूतीचे ज्ञान आपल्या हाती घेतले आणि दुसरीच्या हातातील लेखणी प्रसूतीनंतरच्या आजारात काढून घेण्यात आली. स्त्रीने आपल्या अनुभवाविषयी बोलावे की तिच्याविषयी इतरांनी बोलावे, हा वाद दोघींच्याही आयुष्यात होता.

३. रूपकामागे दडलेला आजार

ही कथा दीर्घकाळ विस्मृतीत गेली होती. १९७३ साली फेमिनिस्ट प्रेसने ती एलेन हेजेस यांच्या विवेचनासह स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने पुनःप्रकाशित केली आणि तेव्हापासून ती स्त्रीवादी अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग बनली. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन ग्युबर यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात तिला एकोणिसाव्या शतकातील लेखिकांच्या कोंडीची प्रातिनिधिक कथा मानले. कागदावरील नक्षी म्हणजे पितृसत्ताक भाषेची चौकट, नक्षीआडची स्त्री म्हणजे दडपलेली लेखिका आणि कागद फाडणे म्हणजे मुक्ती, अशा दिशेने पुढील बरेच वाचन झाले.

या वाचनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याच्याविना ही कथा आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती. मात्र या वाचनाने एक किंमत मोजली, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. नायिका लेखिका आहे हे समीक्षेने पाहिले, पण ती बाळंतीण आहे हे मागे पडले. कथेत बाळाचे उल्लेख थोडे आहेत, परंतु ते निर्णायक आहेत. मेरी नावाची बाई बाळाला चांगले सांभाळते, याचे नायिकेला समाधान आहे. बाळ गोड आहे, तरीही त्याच्याजवळ आपल्याला राहवत नाही, आपला जीव अस्वस्थ होतो, हे ती कबूल करते. पुढे तर या पिवळ्या खोलीत बाळाला राहावे लागत नाही, आपणच येथे आहोत, याचा तिला दिलासा वाटतो. आईपणाचे प्रेम आणि बाळाजवळ जाण्याची असमर्थता एकाच मनात नांदू शकतात, हे गिल्मन यांनी येथे सांगितले आहे. ‘आई म्हटले की माया आलीच’ या समजुतीला धरून चालणाऱ्या कोणत्याही समाजाला हे ऐकणे कठीण जाते.

शेवटच्या प्रसंगाविषयीही असेच म्हणता येईल. तो विजय आहे की विनाश, असा वाद समीक्षेत चालत आला आहे. आजचे मानसोपचारशास्त्र प्रसूतीनंतरच्या मानसिक अवस्थांचे तीन स्थूल भेद करते. पहिल्या काही दिवसांत येणारे रडू, चिडचिड आणि हळवेपणा हा निम्म्याहून अधिक मातांना येणारा अनुभव असून तो साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. प्रसूतीपश्चात नैराश्य मात्र आठवडे आणि महिने टिकते. त्याला उपचार लागतात आणि उपचाराने ते बरे होते. तिसरा भेद प्रसूतीपश्चात मनोविक्षिप्ती हा असून तो हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांत आढळतो. भास, भ्रम, झोप नाहीशी होणे ही त्याची लक्षणे असून ती तातडीची वैद्यकीय स्थिती मानली जाते, कारण त्यात आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो. कथानायिकेच्या आजाराचे निदान करणे हे समीक्षेचे काम नव्हे. तथापि ज्या अवस्थेत ती अखेरीस पोहोचते, तिला केवळ मुक्ती म्हणणे म्हणजे एका आजारी स्त्रीच्या आक्रोशावर आपला सिद्धांत उभा करणे होय. पती तिचे ऐकत नाही, कारण त्याला वैद्यकशास्त्र ठाऊक आहे. ती आजारी आहे हे तिचे म्हणणे समीक्षकही ऐकत नाही, कारण त्याला रूपक ठाऊक आहे. दोघांची जात वेगळी असली तरी चूक सारखीच आहे.

कथेची दैनंदिनीवजा रचनाही याच दृष्टीने पाहावयास हवी. नायिका लपून लिहिते आणि कोणाची चाहूल लागताच वही दडवते. तिचा पती निर्दय नाही. तो प्रेमळ आहे, तिला उचलून घेतो, वाचून दाखवितो, लाडाने हाक मारतो. मिळते त्या सर्व काळजीत तिला एकच गोष्ट मिळत नाही. तुला काय होते आहे, असे तिला कोणी खऱ्या अर्थाने विचारत नाही. ती सांगू लागते तेव्हा तिचे वजन वाढले आहे, भूक सुधारली आहे, चेहऱ्यावर रंग आला आहे, असे तिलाच सांगितले जाते. शरीराच्या खुणा मनाच्या विरुद्ध साक्षीसाठी उभ्या केल्या जातात. या कथेचा गाभा येथे आहे आणि तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेपुरता मर्यादित नाही.

४. बाळंतिणीची खोली

मिशेल यांच्या विश्रांती-उपचाराचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडील बाळंतिणीची खोली आठवल्याखेरीज राहत नाही. वारा लागू नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, मंद उजेड, बाजेखालची शेगडी, डोक्याला आणि कानाला बांधलेला रुमाल, ठरलेला आहार, सव्वा महिन्याची बंधने, सोयरामुळे पाळावयाचे अंतर, वाचन करू नये म्हणजे डोळे जातील, अशी ताकीद. विश्रांती, स्निग्ध आहार, मालिश आणि एकांत हे घटक दोन्हीकडे आहेत.

परंतु हे साम्य ताणणे योग्य होणार नाही. बाळंतिणीची खोली एका गोष्टीत मिशेल यांच्या रुग्णालयाहून वेगळी होती. तिच्यात बायका होत्या. आई, मावशी, आजी, न्हाऊ-माखू घालणारी बाई यांचा वावर होता आणि तिच्या ओळखीच्या बोलीत बोलणे चालू होते. बाळ तिच्या कुशीत होते. आधाराचा हा भाग मोलाचा होता आणि जेथे तो आजही शिल्लक आहे तेथे मोलाचाच आहे. मात्र या आधारालाच सर्वस्व मानून ‘आमच्याकडे पूर्वी असले आजार नव्हते’ असे म्हणणे हा आत्मगौरव ठरेल. मराठीत ‘बाळंतरोग’ हा शब्द आहे. बाळंतिणीला बाहेरची बाधा होते, ओल्या अंगाला वारे लागते, नजर लागते, ही भाषा आहे. आजार होता म्हणूनच त्याला नावे होती. त्या नावांनी त्याचे कारण तिच्या आयुष्यात शोधण्याऐवजी बाहेर शोधले, इतकेच.

शास्त्रीय परंपरेकडे पाहिले तरी हीच द्विधा दिसते. आयुर्वेदाने गर्भिणीच्या मनाकडे लक्ष दिले, हे निःसंशय. गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींत मनाची प्रसन्नता श्रेष्ठ होय, असे चरकसंहिता मानते. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील गर्भिणीला दोन हृदये असलेली म्हटले असून तिच्या इच्छा पुरविण्याची आज्ञा आहे. डोहाळे पुरविण्याच्या आपल्या रीतीची संगती याच विचाराशी लावली जाते. पण इच्छा का पुरवावयाच्या? कारण त्या गर्भाच्या इच्छा आहेत आणि त्या न पुरविल्यास अपत्यात व्यंग येईल. म्हणजे मनाची दखल घेतली गेली ती त्या मनात वाढणाऱ्या दुसऱ्यासाठी. साहजिकच दुसरा जीव बाहेर येताच ती दखलही त्याच्याबरोबर पाळण्यात जाते. डोहाळजेवणाच्या दिवशी तिला काय हवे ते विचारणारे घर बारशाच्या दिवशी बाळाचे नाव विचारते.

५. गोव्यातील माता : संशोधनाची साक्ष

हे विवेचन केवळ साहित्याच्या आणि रूढींच्या आधारे केले, तर ते तर्कापुरते राहील. सुदैवाने आपल्या शेजारीच याविषयीचे भक्कम संशोधन उपलब्ध आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी उत्तर गोव्यातील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ५९ मातांमध्ये, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांत, नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. निम्म्याहून अधिक जणी सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या.

या निष्कर्षांतील दोन बाबी विशेष बोलक्या आहेत. पहिली म्हणजे आजाराचे मूळ केवळ प्रसूतीच्या शरीरक्रियेत नाही. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि उपासमार यांचा त्याच्याशी निकटचा संबंध दिसला. दुसरी बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे. बाळ मुलगा की मुलगी, यावरही आईच्या नैराश्याची शक्यता अवलंबून होती आणि इतर संकटांचा परिणाम बाळाच्या लिंगानुसार बदलत होता. म्हणजे सटवाईने पाचव्या दिवशी बाळाच्या कपाळी काय लिहिले असेल ते असो, आईचे नशीब तिच्या घराने जन्माच्या क्षणीच लिहिलेले असते. याच गटाने २००३ साली केलेल्या मांडणीत मातेच्या नैराश्याचा सहा महिन्यांच्या बाळाच्या कमी वजनाशी आणि विकासाशी संबंध दाखविला. बाळासाठी आईकडे पाहणाऱ्या समाजाला निदान या कारणाने तरी तिच्या मनाकडे पाहावे लागेल. परंतु याच कारणापुरते पाहिले, तर आपण पुन्हा डोहाळ्यांच्या तर्कापाशीच येऊन पोहोचू, हेही विसरता कामा नये.

गोव्यातील मातांच्या मुलाखतींवर आधारलेला एक गुणात्मक अभ्यासही २००३ साली प्रसिद्ध झाला. या माता आपले दुःख शरीराच्या तक्रारींतून व मनाच्या त्रासातून सांगत होत्या. मात्र त्याचा अर्थ त्या वैद्यकीय आजार म्हणून लावत नसून घरची ओढाताण आणि नवऱ्याचे वागणे यांच्या संदर्भात लावत होत्या. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘नैराश्य’ हा आपला पाठ्यपुस्तकी शब्द कोणतीही बाळंतीण स्वतःसाठी वापरत नाही. ती म्हणते, कशात मन लागत नाही. जीव घाबराघुबरा होतो. सगळं नकोसं झालंय. अंगात त्राणच नाही. यांपैकी प्रत्येक वाक्य घरात ऐकले जाते आणि प्रत्येकाला तयार उत्तर असते : बाळंतपणात असं होतंच.

देशपातळीवरील चित्र याहून फार वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्यात भारतातील ३८ अभ्यास आणि २०,०४३ माता यांची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार प्रसूतीपश्चात नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक.

६. प्रश्नावली आणि तिच्या मर्यादा

या आजाराचा शोध घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिनबर्ग मापनश्रेणी १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी तयार केली. तीत अवघे दहा प्रश्न आहेत आणि गुण शून्य ते तीस यांच्या दरम्यान असतात. तिची एक रचना चतुर आहे. थकवा, भूक मंदावणे यांसारखी शारीरिक लक्षणे तीत जाणीवपूर्वक टाळली आहेत, कारण ती कोणत्याही नव्या आईत असणारच. झोपेचा प्रश्नही दुःखामुळे झोप येत नाही का, अशा अंगाने विचारला आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. गोव्यातील उपरोक्त संशोधनात या श्रेणीचे कोंकणी रूप उपयोगी ठरले.

तथापि एक पेच शिल्लक राहतो. जी स्त्री आपले दुःख कंबर, डोके आणि छातीची धडधड यांच्या भाषेत सांगते, तिच्याकडून मनाच्या भाषेत उत्तरे मागणारी ही श्रेणी आहे. शिवाय ती भरताना शेजारी सासू बसलेली असेल, तर दहापैकी किती उत्तरे खरी असतील? म्हणून श्रेणीचे भाषांतर म्हणजे केवळ शब्दांचे रूपांतर नव्हे. विचारणारी व्यक्ती, विचारण्याची जागा आणि विचारण्याचा सूर यांचेही भाषांतर व्हावे लागते. या कामात भाषा आणि साहित्य यांच्या विभागांनी मानसशास्त्र आणि परिचर्या विभागांना साहाय्य करावे, अशी अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते. बहुविद्याशाखीय संशोधनाचा अर्थ एवढा तरी असावा.

७. आजची व्यवस्था : एक परीक्षण

गेल्या दोन दशकांत भारतातील माता-आरोग्यव्यवस्थेने मोठी मजल मारली आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होऊ लागली. रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी द्याव्यात, अशी योजना आहे. या गृहभेटींच्या कल्पनेमागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या कामाची प्रेरणा आहे, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट होय.

सव्वा महिन्यात सहा वेळा एक प्रशिक्षित, गावातलीच, आपली बोली बोलणारी स्त्री बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचते, हे भाग्य गिल्मन यांच्या नायिकेला लाभले नव्हते. परंतु या भेटींत प्रामुख्याने काय पाहिले जाते? बाळाचे वजन, तापमान, नाळ, स्तनपान. आईचा ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग. हे सर्व प्राण वाचविणारे आहे आणि त्यातील एकही बाब वगळता येणार नाही. मनाविषयीचा साधा, नेमाचा प्रश्न मात्र या भेटींचा कणा बनलेला नाही. तो विचारला गेला तर आशाताईच्या आणि त्या बाळंतिणीच्या स्वभावावर अवलंबून राहतो.

येथे गडचिरोलीचाच एक धडा आठवतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचे विकार होते आणि त्यांपैकी फार थोड्यांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. आजार घराघरांत होता. कोणी विचारले नव्हते, म्हणून तो आकडेवारीत नव्हता. बाळंतिणीच्या मनाची स्थिती आज बहुतांशी तशीच आहे.

प्रश्न विचारला आणि पुढे काहीच नसेल, तर तो प्रश्न क्रूर ठरतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर देणारे अनुभव मात्र उपलब्ध आहेत. पाकिस्तानातील ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गावातील आरोग्य कार्यकर्त्यांना संवादावर आधारलेली सोपी मानसोपचारपद्धती शिकविली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी अशी मदत मिळालेल्या मातांपैकी २३ टक्क्यांत नैराश्य शिल्लक होते, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. त्या स्त्रिया तज्ज्ञ डॉक्टर नव्हत्या. त्यांना काय विचारावे आणि कसे ऐकावे, हे शिकविलेले होते. पुढे गोव्यात याच पद्धतीचे रूपांतर करून सामान्य स्त्रियांकरवी ती राबविण्याचा प्रयोग झाला. त्याचे परिणाम माफक असले तरी दिशा आशादायक होती.

गंभीर आजारासाठीही काही पायाभरणी झाली आहे. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत २००९ साली आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णालयात दाखल असलेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, असे बंधन घातले. ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मूल सोबत ठेवण्याचा अधिकार कायद्यात येणे ही मोठी गोष्ट आहे. त्या अधिकाराला साजेशी खोली जिल्हा रुग्णालयात असणे ही पुढची, आणि अजून बाकी असलेली, गोष्ट आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘द यलो वॉलपेपर’ या कथेतील नायिकेचे आजारी बाळंतीण असणे हे रूपकाचे केवळ निमित्त नसून कथेचा मूळ आशय आहे. स्त्रीवादी वाचनाने हा आशय पुन्हा केंद्रस्थानी आणणे आवश्यक आहे.

२) मराठी समाजातील बाळंतपणाच्या रीतींत आधार आणि बंधन दोन्ही आहेत. त्यांचा सरसकट गौरव वा सरसकट धिक्कार न करता, त्यांतील स्त्रियांच्या सोबतीचा भाग जपून मौनाचा भाग दूर करावयास हवा.

३) आशा कार्यकर्तीच्या सहाही भेटींत मातेच्या मनाविषयी तिच्या बोलीतील, एकांतात विचारलेला निदान एक प्रश्न नेमाने असावा आणि गरज पडल्यास पुढे कोठे पाठवावयाचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर निश्चित असावे.

४) गोव्यातील संशोधनानुसार बहुसंख्य रुग्ण मातांचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला असतो. म्हणून हा प्रश्न पहिल्या तपासणीपासूनच विचारला जावा.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी एवढेच सांगितले होते की बाळ मेरीजवळ असते. उत्तर बरोबर होते. पण तिने तो प्रश्न का विचारला, हे मात्र मी तिला विचारले नाही. पुढे ती परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली आणि गेली. या लेखातील सर्व आक्षेप ज्या उणिवेविषयी आहेत, ती उणीव प्रस्तुत लेखिकेच्या वर्गातही होती, एवढे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.